काठेवाड्यांच्या कळपातून चुकलेलं कुत्रं वावरात येऊन बसलं आहे, त्याच्या माणसांपर्यंत कसं पोचवू?

धुऱ्यावरचा (तालुका आर्वी, जिल्हा वर्धा)
रविवार, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं पऱ्हाटीवरचा (कपाशीवरचा) लाल्या रोग अन् तुरीवरची अळी विचारायला येतो. आज कुत्र्याचं विचारून राहिलो, हसू नका.

गुरुवारी सकाळी वेचणीच्या बाया वावरात गेल्या अन् आल्या पावली माघारी फिरल्या. खोपडीत (वावरातल्या झोपडीत) लांडग्याएवढं कुत्रं निजलं आहे म्हणे. मी काठी घेऊन गेलो. कुत्रं खरंच मोठं आहे. रंग मातकट, तोंड काळं, शेपूट झुपकेदार, दोन्ही कान बुडापासून कापलेले. गळ्यात लाल-काळ्या लोकरीचा पिळलेला गोफ. माझ्याकडं पाहिलं, उठलं नाही, गुरगुरलं नाही. "हाड" म्हटलं तर मान फिरवून झोपून गेलं. काठी घेऊन आलेल्या माणसाचा असा अपमान गावातल्या कुत्र्यानं कधी केला नाही.

पुढचा डावा पाय उचलून चालते. ज्वारीची भाकर टाकली, हुंगली अन् सोडली. वरण-भात तसाच ठेवला. आईनं दुधात भाकर कुस्करून दिली तेव्हा कुठं खाल्लं, अन् भांडं चाटता चाटता आईच्या बोटाला दात लागला. रक्त नाही, नुसता ओरखडा.

आता मूळ गोष्ट. मागच्या सोमवारी-मंगळवारी आमच्या शेजाऱ्यानं सोयाबीन काढून रिकामं पडलेल्या वावरात काठेवाड्यांच्या (गुजरातकडून मेंढ्या-उंट घेऊन फिरणाऱ्या लोकांच्या) मेंढ्या बसवल्या होत्या, खतासाठी. चार-साडेचारशे मेंढ्या, तीन उंट, उंटावर बांधलेल्या खाटा, खाटांवर लेकरं. बुधवारी पहाटे ते निघून गेले. समृद्धी महामार्ग आमच्या शिवारातून गेला तेव्हापासून त्या बाजूला जायचं तर पावणेदोन किलोमीटरवरच्या बोगद्यातून जावं लागते, रस्त्याला दोन्हीकडून कुंपण आहे. कळप तिकडूनच पलीकडं गेला असणार. अन् हे कुत्रं रोज दिवस कलला की लंगडत समृद्धीच्या कुंपणापाशी जाऊन बसते. बोगद्यापाशी नाही, नेमकं आमच्या वावराच्या नाकासमोर. अंधार पडेपर्यंत तिथं बसते, नऊच्या सुमारास खोपडीत परत येते. मी दोन दिवस मागं मागं जाऊन पाहिलं. भुंकत नाही. नाकातून बारीक आवाज काढते, उकळत्या चहाच्या भांड्यावरचं झाकण करते तसा.

मोती, वाघ्या, शेरू, टिप्या, सगळी नावं मारून पाहिली. एकालाही मान वर केली नाही. आई त्याला 'पाहुणा' म्हणते.

शेजाऱ्याजवळ त्या लोकांचा एक नंबर होता. लावला की गुजरातीत बाई काहीतरी सांगते अन् टुं टुं होते. माझ्या गाईच्या कानात 12 आकडी पिवळा बिल्ला आहे, मोबाईलमध्ये आकडा टाकला की मालकाचं नाव निघते. याला तर बिल्ला लावायला कानच नाहीत.

कुत्रं वासानं घर गाठते म्हणतात, मग हे काहून जात नाही? मी त्याला दोर लावून बोगद्यातून पलीकडं नेऊन सोडून देऊ का? अन् फिरस्ते लोक शोधायचे तरी कुठं? घरी दोन पक्ष पडले आहेत. लहान भाऊ म्हणते ठेवून घे, कारण गुरुवारपासून तुरीत एक रोही (नीलगाय) आली नाही. खोटं कशाला बोलू, मलाही तो मोह होऊन राहिला आहे. म्हणूनच लवकर विचारतो.

पानठेला चौक
रविवार, रात्री 10:15

ठेवून घे ना भाऊ. लक्ष्मी चालत आली दारात. त्यांच्याजवळ असे दहा असतील. एक गेलं तर त्यांना पत्ताही नसेल लागला. रोह्यांसाठी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं) घ्यायला जाशील तर किती पैसे लागतात माहीत आहे ना?

जुना पशुपर्यवेक्षक (यवतमाळ)
सोमवार, सकाळी 6:20

धुऱ्यावरचे भाऊ, आधी आईचं पाहा, कुत्रं मागाहून. ओरखडा नळाखाली धरून साबणानं पुरी 15 मिनिटं धुवायला सांगा. चार दिवस झाले तरी धुवा, अन् आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रेबीजची सुई सुरू करा. रक्त नसलं तरी दाताचा ओरखडा सुईत बसतो. सरकारी दवाखान्यात फुकट आहे, पुढच्या तारखा तिथं लिहून देतात. बुढी माणसं बेंबीभोवतीच्या चौदा सुयांना घाबरतात, ते दिवस गेले, आता दंडात देतात. कुत्रं दात लागल्याच्या दिवसापासून 10 दिवस नजरेखाली ठेवा. खातं-पितं अन् धड राहिलं तर तुमचीही चिंता मिटली. पण त्या भरवशावर सुई थांबवू नका.

आता पाय. कळपाचं कुत्रं धडधाकट असताना मागं राहत नाही. मला वाटतं पाय आधी दुखला, त्यामुळं कळप सुटला. तुम्ही म्हणता तो लंगडा पाय कळप गेल्यानंतरचा नसून कळप सुटण्याचं कारणच असेल. दोन बोटांच्या मधली जागा अन् मोठ्या गादीच्या मागचा खळगा पाहा, बाभळीचा काटा बहुतेक तिथंच मोडतो. तोंडाला कापडाची पट्टी बांधूनच हात लावा. खोल असेल, पू असेल तर 1962 वर फोन लावा, फिरतं पथक आहे.

गोचीड दिसले तर हातानं काढा किंवा पशुवैद्याकडून औषध आणा. पऱ्हाटीवर मारायचं औषध पाण्यात कालवून कुत्र्याला लावू नका, हे हात जोडून सांगतो. माझ्या नोकरीत दर खरिपात दोन-तीन कुत्री अन् एखादा गोऱ्हा असाच तोंडाला फेस येऊन माझ्यापुढं गेला आहे. 2017 साली आमच्या यवतमाळात फवारणी करताना माणसं गेली, ते औषध कुत्र्याच्या कातडीवर काय करील ते तुम्हीच समजा.

वासाचं विचारलं. 2020 साली चेक देशातल्या संशोधकांनी 27 शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस बांधून त्यांना रानात सोडलं होतं. निम्म्याहून जास्त वेळा कुत्री आल्या वाटेनंच, आपलाच वास हुंगत परतली. साधारण तिसऱ्या हिश्शात मात्र ती नव्याच वाटेनं आली, अन् त्या वेळी निघण्याआधी बहुतेकांनी 20 मीटरची एक छोटी धाव उत्तर-दक्षिण घेतली, जणू होकायंत्र जुळवून घेतलं. मी 31 वर्षं गावोगाव फिरलो, उत्तर-दक्षिण धावणारं कुत्रं काही दिसलं नाही. पण मी तरी कुठं होकायंत्र घेऊन उभा होतो.

मुद्दा असा की ती कुत्री ज्या मालकाकडं परतली तो मालक जागेवर होता. तुमच्या पाहुण्याचं घर चालतं आहे. आज इथं, दोन रात्रींनी तिथं. तो नाकाच्या दिशेनं सरळ गेला, मधे समृद्धीचं कुंपण आलं, तिथं बसला. पावणेदोन किलोमीटर उलटं चालून बोगदा गाठायचा हे त्याला तीन पायांवर सुचावं कसं? त्याला एकट्याला पलीकडं सोडू नका. तिकडं त्याची ओळखीची एकच जागा आहे, ती म्हणजे कळप, अन् कळप हललेला आहे.

रात्री मात्र बांधा. साखळी नको, सुताचा जाड दोर. डुकरांसाठी लोक कुंपणाच्या तारेत थेट लाईन सोडतात. सौर झटका मशीनचा धक्का मारत नाही, थेट लाईन मारते. वाघ मेला की पेपरात येतं, कुत्रं मेलं तर धुऱ्यावर पुरून टाकतात.

काटोलची सून
सोमवार, दुपारी 2:05

दादा, काकाजींनी सांगितलं त्यात माझी एक चूक जोडते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही.

तीन वर्षांपूर्वी संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडणीला आम्ही बगिच्यात होतो. फाट्यावर एक पांढरी कुत्री दिसली, गळ्यात पट्टा, ओली, थरथरत. दोन दिवस तिथंच होती. मला दया आली, पिकअपमध्ये संत्र्याच्या क्रेटमध्ये बसवून सहा किलोमीटरवर घरी आणली. न्हाऊ घातलं, शाम्पू लावला, माझ्या जुन्या ओढणीवर निजवलं. लेकीनं नाव ठेवलं. फोटो चार ग्रुपांवर टाकले, कोणाचा फोन नाही. आम्ही म्हटलं, सोडूनच दिली असेल कोणी.

बाराव्या दिवशी फाट्यावरच्या चहावाल्यानं यांना सांगितलं, एक बुढा रोज सकाळच्या एसटीनं उतरते, संध्याकाळपर्यंत फाट्यावर बसते अन् परत जाते. त्याची कुत्री नरखेडच्या बाजूनं येताना गाडीतून उडी मारून इथंच सुटली होती. ती दोन दिवस थांबली होती ती त्याच्यासाठीच. तो तिसऱ्या दिवशी आला अन् मी दुसऱ्या दिवशी उचलून नेली होती. बुढ्याजवळ साधा बटणांचा फोन, त्याला माझे चार ग्रुप कुठं दिसणार?

कुत्री दिली तेव्हा त्यानं आधी तिला हुंगलं. खरंच सांगते, माणसानं कुत्र्याला हुंगलं. म्हणाला, "हिचा वासच बदलला ना बाई."

म्हणून सांगते, पाहुण्याला घरी आणू नका, खोपडीतच राहू द्या. न्हाऊ घालू नका. तो गोफ काढू नका. आईंनी पाहुणाच म्हणावं, दुसरं नाव लावू नये. अन् फोटो टाकाल तर त्याची एक खूण लपवून ठेवा, जी फक्त मालकालाच माहीत असेल. मोठं राखणीचं कुत्रं आहे म्हटल्यावर तीन गावचे मालक उभे राहतील.

धुऱ्यावरचा
मंगळवार, रात्री 8:30

काकाजी, ताई, दोघांचेही पाय धरतो.

आईला सुई देऊन आणली. जाताना "मले काई होत नाई, म्या लहानपणी कोल्ह्याचं पिल्लू पाळलं होतं" असं दवाखान्याच्या दारापर्यंत चालू होतं. सुई दंडात बसल्यावर म्हणते, "एवढीच?"

आता पाय. भाऊ अन् मी दोघं गेलो. नऊवारीच्या काठाची पट्टी तोंडाला बांधायची म्हणून मी अर्धा तास त्याच्याशी बोलत बसलो, तोपर्यंत भाऊ झोपून गेला. पट्टी बांधली तर त्यानं स्वतःहून पाय माझ्या मांडीवर टाकला. नवल वाटलं, त्याला कोणीतरी असं आधी पाहत असलं पाहिजे. मोबाईलची बत्ती लावली. काकाजी म्हणाले त्याच जागी, मोठ्या गादीच्या मागं, काळा ठिपका. वरून दाबलं तर पिवळं पाणी आलं. नखात धरता येईना. आईनं घरून नाकातली नथ पकडायचा बारीक चिमटा पाठवला, त्यानं धरून ओढला. बाभळीचाच, बोटाच्या पेराएवढा, अर्धा सडलेला. निघाला तेव्हा त्याच्या अंगातून एकदम हवा निघाल्यासारखा मोठा श्वास आला अन् तो डोकं टाकून झोपून गेला, पट्टी तोंडालाच. मीठाच्या कोमट पाण्यानं धुवून काढलं. उद्या 1962 वाल्यांना विचारून मलम आणतो.

खुणेचं ताईंनी बरं सांगितलं. मी पहिल्या पोस्टमध्ये एक गोष्ट लिहायची विसरलो होतो, आता मुद्दाम विसरतो.

एक अडचण. मी पुलगावच्या बाजूला मोटरसायकलनं चार गावं फिरलो. पलीकडल्या वावरांत लेंड्या दिसतात, चुलीचे तीन दगड दिसतात, माणूस नाही. एका ठिकाणी दूर उंट दिसला, मी गेलो, विचारलं, "कुत्ता गुम हुआ है क्या?" बाईनं पदर ओढला, म्हातारा म्हणाला, "हमारा नहीं, कुछ नहीं." अन् ते सामान बांधायला लागले. मी काय चुकलो?

मेंढरामागे (सध्या वर्धा, शिकायला)
मंगळवार, रात्री 11:40

भाऊ, तुम्ही मोटरसायकलवर गेला, पॅन्ट-शर्टात, अन् हिंदीत "गुम हुआ है क्या" विचारलं. माझा बाप असता तर तोही "कुछ नहीं" म्हणाला असता. आम्ही धनगर, काठेवाडी नाही, पण मेंढरामागचं जगणं सारखंच आहे. चौकशी करणारा माणूस म्हणजे चराईची पावती मागणारा, नाहीतर कोणाची पऱ्हाटी खाल्ली त्याची भरपाई मागणारा. त्यात 2022 च्या जानेवारीत तुमच्या नदीपलीकडं, अमरावती जिल्ह्यात, कच्छी रबाऱ्यांचे (उंट-मेंढ्या पाळणाऱ्या लोकांचे) 58 उंट कत्तलीला नेतात म्हणून अडकवून ठेवले होते. पुढं कोर्टानं परत दिले, तोवर माणसं उंटांसाठी खेटे घालत होती. ते कोणी विसरलेलं नाही.

कळपाचा पत्ता रस्त्यावर फिरून लागत नाही. तीन माणसांना असतो. पहिला बाजारातला बकऱ्यांचा व्यापारी. दर आठवड्याला कोणत्या कळपातून दोन नर निघतील, कळप कोणाच्या वावरात बसला, सगळं त्याच्या डोक्यात असतं. दुसरा जनावरांच्या औषधाचं दुकान चालवणारा, कारण जंताचं औषध उधारीवर तिथूनच उचलतात. तिसरा चक्कीवाला. डेऱ्यावरच्या बाया आठ-पंधरा दिवसांचं दळण एकदम आणतात, ते कोणी विसरत नाही. या तिघांना "कुत्रं हरवलं का" असं विचारू नका. "आमच्या खोपडीत तुमचं कुत्रं दूध-भाकर खाऊन राहिलं आहे, पाय बरा आहे, येऊन घेऊन जा" असा निरोप ठेवा. निरोपाला कोणी घाबरत नाही.

अन् पानठेलेवाले दादा, दहात एक गेलं तर पत्ता लागत नाही हे तुम्ही कुठून आणलं? रात्री बिबट आला की कोणतं कुत्रं कोणत्या बाजूनं उभं राहते हे ठरलेलं असते. एक कमी झालं की ती बाजू उघडी पडते. मग घरातलं कोणीतरी माणूस त्या जागेवर रात्रभर बसते. आमच्यात ते मी असायचो. बारावीचा अर्धा अभ्यास मी तसाच केला आहे.

पानठेला चौक
बुधवार, सकाळी 7:30

बरं भाऊ, चुकलो. हे नव्हतं माहीत. माझ्या ठेल्यावर बकऱ्यांचे व्यापारी थांबतात चहाला. आर्वीच्या बाजूचा कोणी आला तर निरोप देतो, कुत्र्याचा रंग सांगून ठेवतो. खूण विचारत नाही.

धुऱ्यावरचा
शुक्रवार, रात्री 9:15

लागला पत्ता!

बाजारात व्यापाऱ्याला निरोप दिला तेव्हा तो बकरीचे दात पाहत होता, मान वर न करता म्हणाला, "कान कापलेलं का? ते तर तुमच्याच शिवारात सुटलं म्हणून रडून राहिले ते." डेरा आता धामणगावच्या बाजूला आहे, वर्धा नदीच्या पलीकडं. त्यांचा एक पोरगा शनिवारी परत येऊन गेला होता म्हणे, पण तो बोगद्यापासून कुंपणाच्या पलीकडच्या अंगानं फिरला, अलीकडं आलाच नाही. म्हणजे एका बाजूला पोरगा हाका मारून राहिला अन् दुसऱ्या बाजूला कुत्रं बसून राहिलं, मधून गाड्या ताशी सव्वाशेनं. हाक कशी ऐकू यावी?

व्यापाऱ्यानं तिथंच फोन लावला. दुसराच नंबर होता, लागला. मी म्हटलं, कुत्र्याची एक खूण सांगा. पोरगा क्षणभरही थांबला नाही. म्हणाला, "उसका घूघरा गूँगा है, साब."

हीच ती लपवलेली खूण. गोफात बोराएवढं पितळी घुंगरू आहे अन् ते वाजत नाही, आतला खडा पडून गेला आहे. मी काय बोलावं मला सुचेना. बकऱ्या ओरडत होत्या म्हणून बरं.

मग त्यानं हाक मारून मोबाईलवर पाठवली. मी संध्याकाळी कुंपणापाशी गेलो, पाहुण्याच्या शेजारी बसलो अन् वाजवली. आधी एक लांब शीळ, मग जिभेनं टकटक, मग "भूरियो, हे भूरियो." पहिल्या शिळेलाच तो उभा राहिला, चारही पायांवर. माझ्याकडं पाहिलं नाही, फोनकडंही नाही. कुंपणाकडं पाहिलं. मग फोनच्या मागं नाक घालून पाहिलं, माझ्या हाताच्या मागं, माझ्या पाठीमागं जाऊन पाहिलं. पोरगा कुठंच नव्हता. परत येऊन बसला अन् तो झाकणासारखा आवाज सुरू केला. मी दुसऱ्यांदा वाजवली नाही. चूक केली असं वाटून राहिलं.

पोरगा रविवारी पहाटे येतो म्हणाला.

जुना पशुपर्यवेक्षक
शनिवार, सकाळी 6:05

चूक नाही, पण पुन्हा नको. आणखी एक. दात लागल्याचे 10 दिवस रविवारी भरतात, कुत्रं ठणठणीत आहे, चांगलं झालं. आईच्या उरलेल्या सुयांचं तारखेनुसार दवाखान्यात विचारा, परस्पर बंद करू नका. अन् पोराला सांगून ठेवा की कळपातल्या सगळ्या कुत्र्यांना रेबीजची लस वर्षातून एकदा हवी. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करायची, डेरा कुठल्याही तालुक्यात असो.

धुऱ्यावरचा
सोमवार, रात्री 10:00

सांगतो सगळं, सावकाश.

पोरगा साडेपाचला आला, व्यापाऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून. सतरा-अठराचा असेल. पांढरी घडीची बंडी, कानात बाळ्या, थंडीनं ओठ फुटलेले. मला वाटलं कुत्रं धावत येईल, अंगावर उड्या मारील, मोबाईलमध्ये घ्यावं म्हणून भाऊ तयारच होता. तसं काही झालं नाही. पोरगा खोपडीपासून वीस पावलांवर उकिडवा बसला अन् गप्प राहिला. पाहुणा उठला, हळूहळू गेला, त्याच्या जोड्यांना हुंगलं, मग धोतराच्या काठाला, मग तळहाताला. मग त्याच्या पायांवर आडवा पडून गेला अन् पोट वर केलं. पोरगा त्याच्या बोटांच्या मधे बोट घालून काट्याची जागा चाचपून राहिला होता. पहिलं काम त्यानं तेच केलं. भावानं फोन खिशात ठेवून दिला.

मोटरसायकलवर काही तो बसेना. दोनदा चढवला, दोनदा उतरला. मग ठरलं, चालतच न्यायचा, बोगद्यापर्यंत मी सोबत. कुंपणाच्या कडेकडेनं निघालो. त्याच्या बसायच्या जागेपाशी पाहुणा थांबला, पुढं येईना. पोरानं ओढलं नाही. तोही थांबला. मग त्यानं ती शीळ घातली, खरीखुरी, अन् चालू पडला. कुत्रं एकदा कुंपणाकडं, एकदा पोराकडं पाहून मागं लागलं.

बोगद्याच्या तोंडाशी पुन्हा तेच. आत अंधार, वरून ट्रक गेला की सगळं घुमते. पाहुणा मागं सरकला, शेपूट पोटात. मी म्हटलं, आता उचलूनच न्यावं लागते. तेवढ्यात त्यानं नाक खाली लावलं. भिंतीच्या कडेला गाळात अकरा दिवसांच्या वाळलेल्या लेंड्या होत्या, वरून गाड्यांची चाकं गेलेल्या, चुरा झालेल्या. त्यातली एकच जागा तो किती वेळ हुंगत होता. डोळे मिटून. मी घड्याळ पाहिलं नाही, पण तंबाखू मळून, तोंडात टाकून, थुंकून झाली तरी तो तिथंच. मग मान खालीच ठेवून तो जो चालायला लागला तो पोराच्याही पुढं. पलीकडच्या उजेडात निघाल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं ते आम्ही येऊन राहिलो का एवढंच पाहायला.

पलीकडं व्यापारी थांबला होता. तिथून पुढं पोरगा पायीच जाणार होता, नदीपर्यंत अन् पुढं पूल ओलांडून डेऱ्यावर. दुधाचे किती झाले विचारत होता. मी नको म्हटलं. मग म्हणाला, "अगले साल दो रात तुम्हारे खेत में, पैसा नहीं." मी आधी नको म्हणणार होतो, मग साडेचारशे मेंढ्यांचं दोन रात्रींचं खत डोळ्यापुढं आलं अन् हो म्हटलं. लसीचं काकाजींनी सांगितलेलं त्याला सांगितलं. कानाला हात लावून म्हणाला, हे पाचही कुत्र्यांचं करतो.

आईनं दुधात मळलेल्या पाच भाकरी फडक्यात बांधून दिल्या होत्या. त्यातली अर्धी पाहुण्यानं तिथंच खाल्ली. मी निघताना "पाहुणा" म्हणून हाक मारली. त्यानं मान वर केली. भूरियो म्हणायला माझी जीभ वळली नाही.

काल रात्री रोह्या आल्या. तुरीच्या चार ओळी खाल्ल्या, शेंगा भरलेल्या. आज मी अन् भाऊ दोघं जागलीला आहोत, खोपडीतूनच लिहून राहिलो. झटका मशीन कोणतं चांगलं, ते उद्या वेगळं विचारतो.